जुना डबा ठेवायचा की नवा घ्यायचा? सांगलीच्या घरातला हिशेब

वळवाचे दोन पाऊस झाले की माझ्याकडे दुरुस्तीला कॉम्प्युटरचे कॅबिनेट यायला लागतात. कुणाचा कडकडाटानंतर चालूच होत नाही, कुणाचा चालू होतो पण स्क्रीनवर चित्रं येईपर्यंत चहा पिऊन होतो. यंदा शेजारच्या काकूंनी त्यांचा डबा बाजाराच्या पिशवीत घालून आणला. "बघ की रे एकदा. नाहीतर भंगारात देते आणि नवीनच घेते. किती दिवस ह्याच्या पाया पडायचं?" लेकाच्या एमएस-सीआयटीच्या वेळी, २०१४ मध्ये घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क.

काकूंसारख्या घरापुढे चार वाटा असतात. आहे तोच दुरुस्त करायचा, कंपन्यांतून निघालेला रिफर्बिश्ड घ्यायचा, सुटे भाग जोडून नवा असेंबल करून घ्यायचा, नाहीतर लॅपटॉप. चारही प्रकार मी घरात वापरलेत, दुसऱ्यांना बसवूनही दिलेत. यंत्र निवडताना मी सगळ्यात आधी बघतो ते इतकंच की ते स्क्रू-ड्रायव्हरनं उघडतं का आणि बिघडलेला भाग सांगली-मिरजेत, फार तर कोल्हापुरात मिळतो का. पुण्याहून कुरिअरनं भाग येईपर्यंत आठवडा जातो, आणि चुकीचा आला तर दुसरा आठवडा. मुलाची परीक्षा तोंडावर असताना हा आठवडा फार लांब असतो.

आधी प्लग बघा

वाट कुठलीही धरा, पहिले पैसे विजेवर घाला. गावभागातल्या, खणभागातल्या जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागं तारच जोडलेली नसते. ओळखायची खूण सोपी आहे. अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लागली की मुंग्या येतात. लोक म्हणतात, "थोडा शॉक बसतोय, सवय झालीय." ही सवय करून घेऊ नका. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, विजेतला कचरा गाळायला बारीक कपॅसिटर असतात. एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून येतो, आणि दोन्ही अर्थिंगला बांधलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो म्हणून मुंग्यांवर निभावतं. पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल खोचली तर पोर्ट उडू शकतो. वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं. जास्त दिसलं तर आधी अर्थिंग, मग कॉम्प्युटर.

दुसरी गोष्ट इन्व्हर्टरची. घरात इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय की आता आधी इन्व्हर्टरची मागची बाजू बघतो. बऱ्याच मॉडेलवर तिथं एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असला तर बॅटरीवर जायला इतका वेळ जातो की एसएमपीएस तग धरत नाही. खटका यूपीएसकडे केला की निम्म्या घरांत वेगळा यूपीएस घ्यावाच लागत नाही. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्यावा आणि आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची आहे हे धरून चालावं.

विजांच्या बाबतीत मात्र दिवस सुधारलेत. पूर्वी तांब्याच्या टेलिफोन वायरीतून झटका यायचा आणि मोडेमसकट मदरबोर्डचा लॅन पोर्ट जायचा. फायबर काचेचा, त्यातून वीज येत नाही. तरी ढग गडगडायला लागले की राउटरचा अडॅप्टर काढून ठेवा.

आहे तोच डबा

काकूंचा डबा चालू करून मी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर बारा टक्क्यांवर, आणि डिस्क शंभर टक्क्यांवर, लाल. तुमच्या घरी हेच दिसत असेल तर नवीन कॉम्प्युटरचा विचार तिथंच थांबवा. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती सुईखाली यायची वाट बघावी लागते, वर सुई इकडून तिकडे हलायचा वेळ. विखुरलेल्या बारीक फायली वाचताना सेकंदाला शंभराच्या आसपासच उचलून होतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नाही, ती हजारोंनी उचलते. जुन्या बोर्डावरच्या, डिस्क जोडायच्या साटा पोर्टलासुद्धा ती सेकंदाला पाचशे एमबीच्या वर जाते. काकूंच्या डब्याला चालू व्हायला सव्वातीन मिनिटं लागत होती. एसएसडी घातल्यावर अठ्ठावीस सेकंद. तोच प्रोसेसर, तीच रॅम.

त्याआधी थोडक्या पैशांत होणारी कामंही करून घ्या. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवा, चुरा झटका, परत बसवा. स्क्रीनवर काहीच न दाखवणारे कितीतरी कॅबिनेट एवढ्यावर उठतात. पंख्यावरची धूळ ब्रशनं काढा, पण पंखा बोटानं धरून. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून नवी लावा. आणि बोर्डावरचा तो गोल सेल, सीआर २०३२. तो संपला की तारीख मागं जाते. काकूंच्या स्क्रीनवर कोपऱ्यात २०१३ होतं. तारीख चुकली की ब्राउझर बँकेचं पान उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणून सांगतो, कारण साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला निघालेलंच नसतं. काकू महिनाभर इंटरनेटवाल्याला फोन करत होत्या. दोष एका सेलचा होता.

या वाटेची खरी अडचण विंडोजची आहे. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा किंवा रायझन २००० मालिकेपुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीचा आय-थ्री त्या यादीत बसत नाही. आडमार्गानं विंडोज ११ घालता येतं, दुकानात करूनही देतात, पण पुढचे अपडेट येतील याची हमी नाही. ज्या यंत्रावर पेन्शनचं खातं उघडलं जातं तिथं मी ते करत नाही.

मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम. त्याची २२ मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे आणि एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीवर नीट चालते. ब्राउझर, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब, पत्र लिहिणं, फोटो बघणं हे सगळं होतं. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायचीही सोय आहे. पण तीन घरांनी या वाटेला जाऊ नये. टॅलीवर काम करणाऱ्यांनी, डिजिटल सहीचं टोकन वापरणाऱ्यांनी, आणि ज्यांच्याकडे युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये वर्षानुवर्षांच्या फायली आहेत त्यांनी. पत्रिका, दाखले, संस्थेचे अहवाल असं कितीतरी मराठी त्या जुन्या फॉन्टांत अडकलंय. फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो. हे सगळं युनिकोडमध्ये उतरवून घ्यावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. सवड होईल तेव्हा घरातल्या घरात सुरुवात करा.

रिफर्बिश्ड आणि असेंबल, शेजारी शेजारी

मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळे कॉम्प्युटर एकदम बदलतात. तेच पुसून, तपासून विकायला येतात. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी, एसएसडी असा छोटा डबा बघा. विंडोज ११ अधिकृत चालतं, जागा वहीएवढी, आणि पैसे नव्या असेंबलपेक्षा बरेच कमी. लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालणारे त्यातले सगळ्यात छोटे डबे वीज इतकी कमी खातात की छोट्या यूपीएसवर अर्धा तास निघतो. घेताना दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून एसएसडीची तब्येत बघा आणि सगळ्या यूएसबी पोर्टांत पेन ड्राइव्ह खोचून बघा.

त्याची गोम आत आहे. या ऑफिसच्या डब्यांत बऱ्याचदा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्या कंपनीच्याच मापाचे असतात. सप्लाय गेला तर बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही, जोडणीच्या पिनाच वेगळ्या. माझ्या एका मित्राचा असा डबा सप्लायसाठी पावणेदोन महिने टेबलावर पडून होता.

असेंबलमध्ये नेमकं उलटं. पैसे जास्त, पण प्रत्येक भाग ठरल्या मापाचा. एसएमपीएस गेला, दुपारी घेतला, संध्याकाळी चालू. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, म्हणून सगळी बिलं आणि खोकी पाच वर्षं माळ्यावर ठेवा. घरच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. रायझन ५ ५६००जी किंवा आय-थ्री १२१०० यांच्यातच ते आहे. एक चूक मात्र सगळे करतात. कोटेशन जास्त वाटलं की एसएमपीएसवर कात्री लावतात, आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला वापरतात. तो हातात घेऊन बघा, रिकाम्या डब्यासारखा हलका लागतो. आपल्याकडच्या व्होल्टेजचा सगळा मार तोच झेलतो. पैसे वाचवायचेच असतील तर दिव्यांचा पंखा आणि काचेची बाजू सोडा. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून फार चढलेत, म्हणून एकच ८ किंवा १६ ची पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवणं आज शहाणपणाचं आहे. जुनी डीडीआर३ पट्टी नव्या बोर्डाला चालत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

दोन्हींत माझा कौल असा: फक्त घरच्या कामाला रिफर्बिश्ड, पण साध्या मापाचा एसएमपीएस असलेला मिळाला तरच. मुलाला आत डोकावायची हौस असेल, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, तर असेंबल. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या हातानं प्रोसेसर बसवायला लावतो. तो खाचेत अलगद बसतो, दाबावा लागत नाही. ते एकदा बोटांना कळलं की मुलं पुढं घाबरत नाहीत.

लॅपटॉप

मुलगी हॉस्टेलला जाणार असेल तर वाद घालू नका, लॅपटॉप घ्या. लाइट गेली तरी चालतो, हे इथं मोठं सुख आहे. पण घरात एकाच टेबलावर ठेवायला लॅपटॉप घेणं मला पटत नाही. पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आणि ही गोष्ट खोक्यावर ठळक छापलेली नसते. ती छापावी, सक्तीनं छापावी, असं मला मनापासून वाटतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये राइट टू रिपेअर पोर्टल काढलं, ते चांगलं झालं. पण काउंटरवर उभ्या माणसाला त्या क्षणी एका ओळीत उत्तर हवं असतं. तोवर दुकानदाराला एवढंच विचारा, "रॅमचा स्लॉट मोकळा आहे का? उघडून दाखवा की."

लॅपटॉपच्या बाजूनं एक मोठा मुद्दा मात्र आहे, आणि तो मी पुरात शिकलो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आम्ही तळमजल्यावर राहत होतो. गाद्या, धान्य, कागदपत्रं वर नेली, कॅबिनेट टेबलावर ठेवला आणि तेवढं पुरेल असं वाटलं. पाणी उतरल्यावर तो उघडला तेव्हा आत पंख्यापर्यंत मऊ काळा गाळ होता. हार्ड डिस्क तरी वाचेल अशी आशा होती. पण तिच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, शेजारी लिहिलेलं असतं की हे झाकू नका. पाणी तिथून आत गेलं होतं. वडिलांच्या साठीचे फोटो त्यात होते, दुसरी प्रत नव्हती. लॅपटॉप असता तर काखेत मारून वर नेला असता.

तेव्हापासून कुणालाही कुठलाही कॉम्प्युटर सुचवताना मी किमतीत एक बाहेरची डिस्क धरतोच. ती घरात ठेवायची नाही. नदीपासून लांब, उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवायची आणि दिवाळीला, गणपतीला गेलं की नवीन फोटो भरायचे.

काकूंचा हिशेब सरळ होता. त्यांना टॅली नको, टोकन नको. नातवाशी व्हिडिओवर बोलायचं, भजनं ऐकायची, वीजबिल भरायचं. २४० जीबीची एसएसडी, एक सेल, लिनक्स मिंट, आणि आधी वायरमनकडून अर्थिंग, एवढंच केलं. मॉनिटर, कीबोर्ड जुनाच. जुनी हार्ड डिस्क त्या भंगारात द्यायला निघाल्या होत्या, ती मी देऊ दिली नाही. तिला बाहेरून जोडायच्या केसमध्ये घातली, लग्नाचे आणि बारशाचे सगळे फोटो तिच्यावर ठेवून एसएसडीवर दुसरी प्रत केली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या लेकीकडे विश्रामबागला पाठवली.