गिअर केबलमधून येणारं पाणी: सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये माझ्या मोटरबोटीच्या बेलोंच्या (पाणी आत येऊ नये म्हणून घालतात त्या रबरी, घड्यांच्या नळ्या) सेटला मी पाच तारे दिले होते. एप्रिलमध्ये रागारागाने एकावर आणले. आता ऑक्टोबर लागलाय आणि अभिप्राय तिसऱ्यांदा बदलतोय, कारण चूक त्या बिचाऱ्या रबराची नव्हतीच.

होडी १९ फुटी, ड्राइव्ह (मागे पाण्यात उतरणारा, पंखा फिरवणारा भाग) अल्फा वन जेन टू मॉडेलचा, मुक्काम अमेरिकेतल्या जॉर्जियात, लेक लॅनियर या तलावावर. तळात पाणी येत होतं म्हणून एका मेकॅनिककडून तिन्ही बेलो बदलून घेतले: यू-जॉइंटचा (इंजिनची फिरकी ड्राइव्हला देणारा सांधा), एक्झॉस्टचा आणि गिअर केबलचा तो चिमुकला. मजुरीसकट ७४० डॉलर. त्याने ट्रेलरवरच ड्राइव्हला पाण्याचे मफ (नळीचं पाणी इंजिनाला देणारे रबरी कप) लावून इंजिन चालवून दाखवलं, तळ कोरडा ठणठणीत. मीही खूश! अहो, ट्रेलरवर ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या भिंतीला, बाहेरून पाणी लागतं कुठे?

तीन आठवड्यांनी धक्क्यावर गेलो तर तळातलं पाणी उपसणारा पंप चालून चालून बॅटरी ठार, तळात वीतभर पाणी. मेकॅनिक म्हणाला, जुनी होडी, थोडं येणारच. लहानपणी मालवणात लाकडी होडीतलं पाणी मीही डबड्याने उपसलंय, पण ती होडी ७४० डॉलर मागत नव्हती.

मग तळ पुसून काढला, गिअर केबलवर ठिकठिकाणी टिश्यू पेपर गुंडाळला आणि होडी पाण्यात ठेवून आत बसून राहिलो. ट्रान्समच्या भोकाजवळचा कागद कोरडा. भिजला तो हातभर पुढचा, जिथे केबल खाली झुकून इंजिनकडे वळते. तिथे आवरणाला नखाएवढी चीर. केबल म्हणजे शेवटी नळीच: आत तार, भोवती धातूचं वेटोळं, वर प्लॅस्टिक. तिचं ड्राइव्हकडचं टोक पाण्यात. तिथून शिरलेलं पाणी केबलच्या आतूनच, बेलो आणि त्याचा क्लॅम्प ओलांडून, राजमार्गाने होडीत. बाहेरून बेलो कितीही नवा घाला! या चिरेबद्दल मी इतकं बोललो की बायकोने जेवताना हा विषय काढायला बंदी घातली.

खरं तर लक्षण वर्षभर समोर होतं. न्यूट्रलला आणताना इंजिन बंद पडायचं, तेही नेमकं धक्क्याला लागताना, लोकांसमोर. केबल जड झाली की गिअर सोडवायला क्षणभर ठिणगी तोडणारा स्विच नको तितका वेळ दाबलेला राहतो. मी मात्र कार्ब्युरेटर साफ करत बसलो.

चिरेवर टेप लावायचा मोह मलाही झाला, लावलीही. दोन दिवसांत पाणी टेपच्या पुढून यायला लागलं.

मग ४५ डॉलरची नक्कल केबल मागवली. लीव्हर फॉरवर्डला, सहा नट, शेजाऱ्याची मदत, ड्राइव्ह खाली. केबलचं टोक बेल हाउसिंगमध्ये (ड्राइव्ह ज्यावर बसतो ते कवच) आट्यांवर बसतं आणि त्याला खाच असलेला खास सॉकेटच लागतो. साध्या पान्याने मी एक संध्याकाळ आणि बोटांची सालं घालवली. आट्यांना सीलंट लावायचं विसरू नका. पाणी थांबलं. पण गिअर जडच, इंजिन पुन्हा बंद. जूनमध्ये निमूटपणे अस्सल केबल आणली, जवळजवळ तिप्पट भावाची. काटकसर अशी की ड्राइव्ह दोनदा उतरवला आणि सॉकेटचे पैसे वर.

तेव्हापासून लीव्हर दोन बोटांनी हलतो आणि कागद कोरडा आहे. हो, अजून गुंडाळतो. बेलोंना त्यांचे पाच तारे परत. केबलला साडेचार, अर्धा किमतीपायी कापला.

गेल्या रविवारी पंप अचानक सुरू झाला. मी सगळं टाकून मागे धावलो. पोरांनी आइसबॉक्स लवंडला होता.