वुल्फसन डब्ल्यूएम८३५०: पॉवर आणि ऑडिओ एकाच चिपमध्ये, कितपत जमलंय?

छोट्या म्युझिक प्लेअरसाठी पॉवरची चिप वेगळी आणि कोडेक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग आणि ॲनालॉगचा डिजिटल करणारा भाग) वेगळा घ्यायचा, की दोन्ही एकत्र असलेली चिप घ्यायची, हे सारखं विचारलं जातं म्हणून लिहितोय. डब्ल्यूएम८३५० ही चिप जुनी आहे, ती बनवणाऱ्या वुल्फसन कंपनीला २०१४ मध्ये सिरस लॉजिकने विकत घेतलं, पण लिनक्स कर्नलमधले तिचे ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) नुसते वाचले तरी या जातीच्या चिपबद्दल बरंच कळतं.

आत सहा डीसी-डीसी कन्व्हर्टर (स्विचिंग करून व्होल्टेज बदलणारे), चार एलडीओ (स्विचिंगशिवाय स्थिर व्होल्टेज देणारे रेग्युलेटर), लिथियम बॅटरीचा चार्जर, आरटीसी म्हणजे वेळ ठेवणारं घड्याळ, स्टिरिओ कोडेक, वर जॅक लावलाय की काढलाय ते ओळखायची सोय. छोट्या बोर्डवर जागा किती वाचते ते वेगळं सांगायला नको.

मला खरी आवडली ती पॉपची काळजी. प्लेअर चालू-बंद करताना कानात जो टप्पकन आवाज येतो ना, तो हेडफोनच्या लाईनमधला कपॅसिटर एकदम व्हीमिडपर्यंत (सप्लायच्या साधारण निम्मा व्होल्टेज, ज्याच्या वर-खाली आवाजाचा सिग्नल हलतो) चार्ज झाल्यामुळे येतो. इथे व्हीमिड हळूहळू चढवता येतं, आणि चार्जला किती मिलिसेकंद, डिस्चार्जला किती, हे ड्रायव्हरमध्ये आपापल्या बोर्डप्रमाणे भरता येतं, कारण प्रत्येक बोर्डवरचा कपॅसिटर वेगळा. शिवाय सप्लायही याच चिपच्या हातात, त्यामुळे आधी आवाज शांत करायचा आणि मगच वीज काढायची हा क्रम लावणं सोपं जातं. दोन वेगळ्या चिप असल्या की याच क्रमासाठी डोकं पिकतं.

आता अडचणी. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा डीसी-डीसी) आणि हेडफोन ॲम्प एकाच सिलिकॉनवर, म्हणजे कॉइल कुठे ठेवली आणि ग्राउंड कसा फिरवला यावर सगळं अवलंबून. लोड कमी झाला की कन्व्हर्टर स्विचिंगचे मधले मधले पल्स गाळायला लागतो, त्याची फ्रिक्वेन्सी खाली येत येत ऐकू येण्याच्या पट्ट्यात शिरते, आणि गाणं पॉज केल्यावर बारीक शिट्टीसारखं काहीतरी ऐकू येतं. म्हणून ॲनालॉग सप्लाय एलडीओवरूनच द्या, थेट बकवरून नको, थोडी बॅटरी जास्त गेली तरी चालेल.

उष्णतेचंही बघा. चार्जर लिनियर (जादा व्होल्टेज उष्णता म्हणून घालवणारा) असेल तर ५ व्होल्टवरून ३.७ च्या बॅटरीला ४०० मिलिअँपिअर देताना अर्धा वॉटच्या वर उष्णता चिपमध्येच, कोडेकच्या अगदी शेजारी. चार्जिंग चालू ठेवून गाणी ऐकणारे लोक भरपूर असतात, त्यामुळे टेस्ट त्याच अवस्थेत करा, स्क्रीन बंद, गाणं पॉज, आणि सेन्सिटिव्ह इअरफोन कानात.

हीच कल्पना ऑस्ट्रियामायक्रोसिस्टम्सच्या एएस३५१४ मध्येही होती, सॅनडिस्कच्या सान्सा ई२०० प्लेअरमध्ये ती चिप होती. टीआयने (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) मात्र आपल्या ओमॅप३ प्रोसेसरसोबतच्या टीडब्ल्यूएल४०३० मध्ये सगळं एकत्र ठेवलं आणि ओमॅप४ ला पॉवर टीडब्ल्यूएल६०३० मध्ये, ऑडिओ टीडब्ल्यूएल६०४० मध्ये असं वेगळं केलं. प्रोसेसरची भूक वाढली की मीही तेच करेन. फक्त हेडफोनवर ऐकायचा, एका बॅटरीचा छोटा प्लेअर असेल तर मात्र एकत्र चिपच घ्या, फक्त लेआउटला घाई करू नका.