जेलची व्हिडिओ मुलाकत: ३ स्टार

धाकटा भाऊ आठ महिन्यांपासून कच्चा कैदी आहे. आमचं गाव पैनगंगेच्या काठी. कापूस वेचणीच्या दिवसांत एका भेटीपायी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जायचं. व्हिडिओ मुलाकतीनं ते वाचलं, आईला लेकाचं तोंड दिसलं. ३ स्टार त्याचेच.

२ कापले ते चिठ्ठीसाठी. आईच्या पिशवीच्या ऑपरेशनचं मी त्याला लिहून कळवलं होतं. चिठ्ठी फोडून तपासतात, हे मान्य. पण शिपायानं ती बराकीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. कॉलवर भाऊ मान खाली घालून म्हणाला, "ताई, घरचं काही लिहू नको आता." त्याच्यामागं चार जण नंबर लावून उभे होते, तेही ऐकत होते.

वकील साहेबांनी सांगितलं, १९७८ च्या सुनील बत्रा निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की जेलच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणाही मूलभूत हक्कच ठरवला. मग माझ्या आईचं दुखणं बराकीला ऐकवायचं काय काम होतं?

कॉलच्या जागी आडोसा करा. चिठ्ठी तपासून झाली की घडी घालून त्याच्याच हातात द्या.