दोन तासांत माशी मारणारी 'जैविक' बाटली

औषध चाललं नाही म्हणून फसलो, असं सांगणारे गावोगाव भेटतील. माझं औषध चाललं, तेही दोन तासांत. मी फसलो तो तिथेच.

पोळ्याच्या सुमारास पावसाने ताण दिला आणि कपाशीवर पांढरी माशी चढली. झाड हलवलं की पिठासारखी उडायची. पानं चिकट, खालच्या पानांवर काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरलेली. नेहमीच्या दुकानदाराने हिरव्या पानाचं चित्र असलेली बाटली पुढे केली. "भाऊ, शंभर टक्के जैविक. यातली बुरशी माशीला पोखरते. बिल नंतर देतो." नऊशेला एक, अशा चार उधारीवर उचलल्या. वर सल्ला दिला, सोबत बुरशीनाशक टाका, काजळीही जाईल.

जिवंत बुरशीच्या टाकीत बुरशीनाशक! विरजणात उकळतं पाणी ओतायला कोणी सांगितलं असतं तर घरच्या बाईने हाकलून दिलं असतं. मी मान डोलावली.

दुपारपर्यंत माशी साफ. व्हर्टिसिलियमसारखी खरी बुरशी आधी किडीच्या अंगावर रुजते, मग आत शिरते. त्याला काही दिवस जातात, हवेत दमटपणा लागतो. आमच्याकडे तर ऊन रखरखत होतं. दोन आठवड्यांत माशी आधीपेक्षा दाट झाली. कृषी विज्ञान केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, लक्षणं सिंथेटिक पायरेथ्रॉइडची, म्हणजे रासायनिक कीटकनाशकाची दिसतात: उडती माशी मरते, पानामागची अंडी-पिल्लं बरीचशी राहतात, आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मात्र संपतात.

पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट खाते. 'जैविक आहे' म्हणून फवारणाऱ्या गड्याने मास्क, हातमोजे घातले नाहीत आणि मीही टोकलं नाही. संध्याकाळी त्याचे डोळे लाल, तोंडाला झिणझिण्या, उलट्या. डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं? बाटलीवर घटकाचं नाव नाही, उतारा नाही, विषाचा रंगीत त्रिकोण नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक माणसं गेली, ते सगळं दवाखान्याच्या बाकावर बसून आठवलं. तो दोन दिवसांनी घरी आला, एवढंच बरं.

कीटकनाशक रासायनिक असो की जैविक, 1968च्या कायद्याने नोंदणी क्रमांक लेबलवर हवाच. बॅच नंबर, मुदतीची तारीखही. मी हे सगळं नंतर शोधलं, विकत घेताना फक्त पानाचं चित्र पाहिलं.

तक्रार केली तर आधी बिल मागितलं. उघडलेली बाटली नमुना म्हणून चालत नाही, दुकानातली सीलबंद लागते. निरीक्षक पोचेपर्यंत दुकानात त्या नावाची एकही नव्हती.

पुढे पिवळे चिकट सापळे लावले, 5 टक्के निंबोळी अर्क मारला, आणि पक्क्या बिलावर घेतलेलं पायरिप्रॉक्सीफेन हे कीटकनाशक. पीक अर्धंमुर्धं सावरलं.

त्या चार बाटल्यांचा एकच लेखी पुरावा आहे, तो दुकानदाराच्या उधारीच्या वहीत, माझ्या नावापुढे. कापूस विकला की तो छत्तीसशे मागायला येईलच.