अमायलेज की लायपेज?

स्वादुपिंडाला सूज असल्याच्या शंकेने लिहिलेली रक्ततपासणीची चिठ्ठी लॅबच्या खिडकीतून सरकवताना नातेवाईक हमखास विचारतात, "अमायलेज, लायपेज दोन्ही करायलाच हव्यात का? एकीवर नाही का भागणार?" बहुतेक वेळा भागतं, आणि ती एक म्हणजे लायपेज.

दोन्ही एन्झाइम्स, म्हणजे अन्न पचवणारी द्रव्यं, स्वादुपिंडातली. अमायलेज पिष्ट पचवतं, लायपेज चरबी. स्वादुपिंडाला अचानक सूज आली की दोन्ही रक्तात चढतात, पण उतरतात वेगवेगळ्या वेळी. अमायलेज साधारण ३ ते ५ दिवसांत जागेवर येतं. लायपेज २४ तासांच्या आसपास कळस गाठतं आणि ८ ते १४ दिवस रेंगाळतं. आपल्याकडे पोट दुखलं की आधी ओवा, मग ॲसिडिटीची गोळी, मग 'उद्या बघू'. चौथ्या दिवशी आलेला असा पेशंट अमायलेजच्या हातून सहज निसटतो.

शिवाय अमायलेज लाळग्रंथींतूनही येतं, त्यामुळे गालगुंड झालेल्या पोराचंही वाढतं. मूत्रपिंडाच्या आजारात लायपेजही थोडं चढतं, म्हणजे तेही अगदी धुतल्या तांदळाचं नाही. पण त्याचा रोख स्वादुपिंडाकडे जास्त.

कधी कधी रक्ताची नळी मशीनमध्ये फिरवून बाहेर काढावी, तर वरचं सीरम, म्हणजे रक्ताचा वेगळा झालेला पातळ भाग, पिवळसर पारदर्शक असायचा तो दुधासारखा पांढरा दिसतो. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, बेसुमार वाढलेली असतात. तीच या आजाराचं कारण असू शकतात आणि नेमकं तेव्हाच अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं. अशा नळीवर माझा अमायलेजवर भरवसा नाही.

मग अमायलेज कुठे उपयोगी? रात्री गावातल्या लॅबमध्ये लायपेजची सोय नसेल तिथे. स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतर पोटात ठेवलेल्या नळीतून (ड्रेन) येणाऱ्या पाण्यात गळती शोधायलाही तेच तपासतात.

रिपोर्ट वाचताना दोघांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. शेजारी छापलेली त्या लॅबची वरची मर्यादा बघा. या सुजेच्या निदानासाठी ठरवलेल्या २०१२ च्या सुधारित अटलांटा निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: वरच्या पोटातली ठरावीक, बहुधा पाठीत जाणारी कळ, एन्झाइम वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज. म्हणजे कळ आणि सीटी बोलत असतील, तर नॉर्मल एन्झाइमने निदान खोडून निघत नाही.

आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असंही नाही. म्हणून निदान झाल्यावर 'आज किती उतरलं' म्हणून रोज लायपेज करवून घेणं मला खिशाला उगाच चाट वाटते. तीव्रतेसाठी डॉक्टर क्रिएटिनिन, युरिया, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), सीआरपी (सूज दाखवणारं प्रथिन) बघतात.

वर्षानुवर्षं दुखणाऱ्या, आतून आकसत गेलेल्या स्वादुपिंडात तर दोन्ही आकडे नॉर्मल निघू शकतात, कारण सांडायला एन्झाइमच फारसं उरलेलं नसतं. तिथे ही चिठ्ठी बाजूला ठेवून शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्याच आणखी एका एन्झाइमची, तपासणी करतात.