टाकीतली मोटर: घरी बदलावी, मिस्त्रीकडून की वर्कशॉपमध्ये?

गाडीचा फ्यूल पंप गेला, असं कुणी सांगितलं की आपण आधी विचारतो, किती लागतील? हा प्रश्न तिसरा असायला हवा. पहिला प्रश्न, पंपच गेलाय हे कशावरून ठरवलं? दुसरा, तुमच्या गाडीत त्या पंपापर्यंत हात पोचतो का? या दोन उत्तरांनीच बरंचसं ठरून जातं आणि मग पैशाचा हिशोब सोपा होतो.

माझी गाडी २०१२ची आय-टेन, पेट्रोलवर चालणारी. इंदूरला लोकमान्य नगरात घर, पुढे छोटं अंगण. या गाडीचा पंप दोनदा बदलला गेला. एकदा गॅरेजमध्ये, एकदा अंगणात माझ्याच हातानं. तिसरा अनुभव मेहुण्याच्या सेडानचा, तो वर्कशॉपचा. त्या तिन्हींवरून लिहितो आहे.

आधी पंपच आहे ना?

पहिल्या वेळी मे महिना होता. आईला आणि सासूबाईंना घेऊन ओंकारेश्वरला निघालो होतो. सिमरोळ सोडून भेरू घाटाला लागलो आणि गाडी झटके द्यायला लागली. पिकअप गेला, मग बंदच पडली. मागे ट्रकांची रांग, आत दोन म्हाताऱ्या आणि उकाडा. पंधरा-वीस मिनिटांनी सेल्फ मारला तर एकदम चालू! परत आल्यावर एका गॅरेजवाल्यानं ऐकल्या ऐकल्या निकाल दिला, पंप. साडेसहा हजार दिले. नवव्या दिवशी भंवरकुआं चौकात ऐन सिग्नलला गाडी पुन्हा बंद.

टोचन करून महू नाक्याजवळच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्यानं मागची सीट उचलली, पंपाच्या कनेक्टरला टेस्ट लॅम्प लावला, कनेक्टर ओढून माझ्यासमोर धरला. एक पिन तपकिरी झालेली, भोवतालचं प्लास्टिक वितळून कडेला ओघळलेलं. ‘भिया, मोटर तो ठीक है, करंट ही नहीं पहुँच रहा.’ नवा कनेक्टर, सोल्डरिंग, मजुरी धरून साडेतीनशे रुपये. आधीचा पंप खरंच खराब होता का, हे आता कधीच कळणार नाही, कारण तो गॅरेजमध्येच राहिला. तेव्हापासून एक नियम पाळतो, काढलेला जुना भाग घरी आणायचा.

म्हणून कुठलाही मार्ग धरा, आधी एवढं बघा. चावी फक्त ऑनवर आणा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटवर दुसऱ्या कुणाला कान लावून बसवा. पंप चांगला असेल तर दोनेक सेकंद ‘हुंऽऽ’ असा बारीक आवाज येऊन थांबतो. आवाज नसेल तर फ्यूज बघा. मग रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा छोटा विजेचा स्विच. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, तो तात्पुरता फ्यूल पंपाच्या जागी लावून बघता येतो. त्यानंही काही झालं नाही तर पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. त्या दोन सेकंदांत बाराच्या आसपास व्होल्ट दिसत असतील आणि मोटर गप्प असेल, तर मोटर गेली. व्होल्टच येत नसतील तर दोष वायरिंगचा, रिलेचा किंवा इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा. अशा वेळी नवा पंप टाकणं म्हणजे ताप आहे म्हणून चष्मा बदलण्यासारखं.

आवाज येतो पण गाडी चढावर दम टाकते, किंवा गरम झाली की सेल्फ घेत नाही, तेव्हा प्रकरण थोडं अवघड. पेट्रोल रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब मोजल्याशिवाय खात्री होत नाही. साध्या एमपीएफआय गाडीत, म्हणजे सिलिंडरच्या आधीच पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत, तो साधारण तीन ते चार बार (दाबाचं एकक) असतो, नेमका आकडा गाडीगणिक वेगळा. गेज घरी कुणाकडे नसतं, मिस्त्रीकडे असतं. एवढ्यासाठी त्याच्याकडे जाऊन दोन-तीनशे रुपये देणं मला पटतं. पंप घरीच बदलायचा असला तरीसुद्धा.

हात पोचतो का?

मागच्या सीटची बैठक उचलून बघा. काही गाड्यांत खाली पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण असतं, चार स्क्रू काढले की पंपाचा माथा समोर. आय-टेनमध्ये तसंच आहे. काही गाड्यांत झाकणच नसतं, अख्खी टाकी खाली उतरवावी लागते. होंडा जॅझमध्ये तर टाकीच पुढच्या सीटांखाली आहे. टाकी उतरवायची असेल तर घरचा विचार इथेच सोडा. जॅकवर उभ्या गाडीखाली आडवं पडून पेट्रोलची टाकी छातीवर घेणं हा रविवारचा उद्योग नव्हे.

डिझेल गाडी, सीएनजी गाडी आणि थेट सिलिंडरमध्ये इंजेक्शन असलेली नवी पेट्रोल गाडी, याही घरच्या यादीतून बाहेर. शेवटच्या प्रकारात इंजिनावर दुसरा, जास्त दाबाचा पंप असतो, तिथला दाब शेकडो बारपर्यंत जातो. सीएनजीवाल्यांसाठी एक जादा सूचना. गॅसवर फिरताना पेट्रोलची टाकी महिनोन्‌महिने तळाशी ठेवू नका. टाकीतली मोटर त्या पेट्रोलनंच थंड राहते, त्यातच तिचं वंगण. जुन्या मारुती ८००चा यांत्रिक पंप इंजिनाला बाहेरून बसवलेला असायचा, त्यामुळे आपल्या वडिलांच्या पिढीला रिझर्व्हवर गाडी पळवायची सवय लागली आणि तीच आपल्याकडे आली. आताच्या पंपांना ती मानवत नाही.

पैसे

मला पडलेले आकडे सांगतो, दुकान आणि गाडीप्रमाणे बदलतील. नुसती मोटर चौदाशे. पूर्ण असेंब्ली, म्हणजे मोटर, जाळी, दाब सांभाळणारा रेग्युलेटर, काट्याला पेट्रोलची पातळी कळवणारा तरंगता फ्लोट सगळं एका सांगाड्यात, बावन्नशे. मिस्त्रीची मजुरी सहाशे. मेहुण्याच्या गाडीची टाकी उतरवावी लागली, वर्कशॉपचं बिल झालं नऊ हजार आठशे.

वरवर बघता घरी मोटर बदलली की चौदाशेत काम होतं, आणि सगळे याच मोहात पडतात. मीही पडलो. खरी मेख अशी की नुसती मोटर बदलायची तर सांगाड्याच्या प्लास्टिकच्या चिमट्या एकेक उचकून तो सोडवावा लागतो, आतली घडीदार नळी जुन्या मोटरवरून काढून नवीवर चढवावी लागते, रेग्युलेटरची ओ-रिंग (रबरी कडी) जागच्या जागी बसवावी लागते. एक चिमटी तुटली किंवा नळी अर्धीच बसली तर दाब टाकीतल्या टाकीत गळतो. बाहेर थेंब दिसत नाही, पण गाडी सकाळी तीन-तीन सेल्फ घेते. मिस्त्री हे काम रोज करतो, त्याला चिमटी कुठून उचकायची ते ठाऊक असतं. म्हणून माझा हिशोब असा, घरी करणार असाल तर असेंब्ली घ्या, मिस्त्रीकडून करणार असाल तर मोटर चालेल. वर्कशॉपवाले मेहुण्याला असेंब्लीशिवाय काही द्यायलाच तयार नव्हते. म्हणजे असेंब्लीच टाकायची असेल तर घरी केल्यानं बचत होते ती फक्त मजुरीची, सहाशे रुपयांची; मिस्त्रीकडून नुसती मोटर बदलली तर उलट तेच स्वस्त. त्या सहाशेंसाठी काय जोखीम घेताय, ते पुढे वाचा.

मोटर घेताना दुकानदाराला इथेनॉलचं विचारा. २०२३च्या एप्रिलपासून बनलेल्या गाड्यांचे भाग वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सोसतील असे असतात, जुन्यांची तशी खात्री नाही. इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, तो जाळीत अडकतो, आणि दोष मात्र नव्या मोटरवर येतो. बॉश, डेन्सो किंवा गाडीच्या कंपनीचाच भाग, यापलीकडे स्वस्तात जाऊ नका. पावती घ्या.

जोखीम

माझा खरा आक्षेप इथे आहे. काम अवघड नाही, पेट्रोल अवघड आहे. त्याची वाफ हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेट घेते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यानं वर उडून न जाता फरशीवरून सरकत जाते. आमच्या अंगणाला लागून न्हाणीघराची खिडकी आहे, आत गॅस गिझर. शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर भिंतीपलीकडे. अंगणात तुळशीवृंदावन आणि संध्याकाळी आईचं निरांजन. ‘आज तुळशीपुढे दिवा लावू नकोस’ हे आईला सांगण्यापेक्षा पहाटे सुरू करून दुपारच्या आत आटपणं सोपं वाटलं, तसंच केलं. बंद गॅरेजमध्ये, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा सोसायटीच्या जिन्याखाली हे काम कुणीही करू नये. पावडरचं अग्निशामक हाताशी हवं, पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं.

टाकी पाव किंवा त्याखाली असताना हात घाला. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू ठेवायचं, ते आपोआप बंद पडतं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं. दाब न उतरवता नळी ओढली तर पेट्रोलची चिळकांडी सरळ तोंडावर येते.

सीटखाली मला शेवेचा चुरा, दोन नाणी आणि लेकीचं हरवलेलं कानातलं सापडलं. हसण्यावारी नेऊ नका, हा सगळा कचरा झाकण उघडलं की टाकीत पडतो. ब्रशनं साफ करून ओल्या फडक्यानं पुसून मगच पंप टाकीला आवळून धरणारी रिंग सोडवायची. रिंग प्लास्टिकची असेल तर हातानं किंवा लाकडी ठोकळ्यानं फिरते. लोखंडाच्या रिंगेवर लोखंडी छिन्नी मारू नका, ठिणगी उडेल. सांगाडा सरळ वर ओढायचा नाही. तिरका करून, फ्लोटची दांडी सांभाळत, तान्ह्या मुलाला न्हाणीतून काढावं तसा काढायचा. त्याच्या वाटीत अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल शिल्लक असतं, म्हणून खाली धातूचं घमेलं तयार ठेवा. आणि रबरी सील नवीच घ्या. जुनी सील पेट्रोलनं फुगते, खाचेत परत बसतच नाही. मी जुनीच दाबून बसवायला अर्धा तास घालवला आणि शेवटी दुकान उघडायची वाट बघत बसलो.

उरलेलं पेट्रोल गटारात ओतायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात तर नाहीच. पेट्रोलियम कायद्यानं घरच्या वापरासाठी विनापरवाना तीस लिटरपर्यंत ठेवता येतं, धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. आपल्या एक-दोन लिटरला अडचण नाही, पाण्याची बाटली मात्र वापरू नका.

मग कुणाकडे?

वॉरंटीतली गाडी, टाकी उतरवावी लागणारी गाडी, आणि वर बाद केलेले तिन्ही प्रकार, यांना वर्कशॉप. महाग आहे, पण लिफ्ट आहे आणि बिलावर वॉरंटी मिळते. तिथे माझी एकच तक्रार, दाब मोजला का विचारलं की काउंटरवरचा मुलगा ‘सिस्टिमवर दाखवतंय’ म्हणतो.

सीटखाली झाकण असलेली जुनी पेट्रोल गाडी, बाहेर मोकळं अंगण, सोबत एक शहाणा माणूस आणि हातात असेंब्ली असेल, तर घरी करा. तीन तास लागतात, पहिल्यांदा पाच. यातलं एक जरी नसेल, तर नको.

बाकी सगळ्यांना मी मिस्त्री सुचवतो. त्यातही एक अडचण आहे. भाग तुम्ही आणलात तर मिस्त्री गॅरंटी देत नाही, भाग त्यानं आणला तर कंपनीचा की डुप्लिकेट हे तुम्हाला कळत नाही. मी त्याच्यासोबत दुकानात जातो, पावती माझ्या नावावर, निवड त्याची. मग काही झालं तर दोघंही एकाच बाजूला असतो. काम चालू असताना शेजारी उभं राहा. दोन गोष्टी आधी ठरवून घ्या, सील नवी आणि बिडी बाहेर.

कुणीही बदलला तरी सीट लगेच लावू नका. चावी तीन वेळा ऑन-ऑफ करून दाब भरू द्या, मग सेल्फ. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून सीलभोवती कोरडं बोट फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्याबरोबर आत वास येतो का बघा. वास असेल तर रिंग पुन्हा सोडवायची.

माझ्या गाडीला वास आला नाही. फ्लोटची दांडी मात्र काढताना जराशी वाकली होती, ते चार दिवसांनी लक्षात आलं. तेव्हापासून काटा अर्ध्यावर असतो तेव्हा टाकीत पाव असतं. पुन्हा उघडायचा कंटाळा केला. आता काटा अर्ध्यावर आला की बायकोच म्हणते, पंपावर घ्या.