बिलेट म्हणून विकलेला ओतीव कॅम

गाडी जुनी एस्टीम. 1298 सीसीचं 16 व्हॉल्व्ह इंजिन, हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा. ऑटोक्रॉससाठी (आखलेल्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) इंजिन बांधायला घेतलं होतं. पुण्यातल्या एका विक्रेत्याने 'इम्पोर्टेड बिलेट, 272 अंश' सांगून 28 हजारांना कॅम दिला, सोबत मापांचं गुळगुळीत छापलेलं कॅम कार्ड. बिलेट म्हणजे अखंड सळईतून कोरलेला; अंश म्हणजे क्रँक किती फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते माप. आपल्याकडे जुन्या मारुती बांधणारी पोरं बरीच आहेत आणि हा माल अजून फिरतोय, म्हणून लिहितोय.

आधी त्या 272 चं बघू. व्हॉल्व्ह किती उचलल्यापासून हे अंश मोजले, ते कार्डवर कुठेच नव्हतं. जाहिरातीतला आकडा व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून धरतात. तोच कॅम 1 मिमी लिफ्टवर (व्हॉल्व्हची उचल) मोजला की बराच कमी भरतो. मग दोन कार्डांची तुलना करायची कशी? विचारलं तर म्हणाला, "दादा, आकड्यांत काय ठेवलंय, आयडल ऐका." आणि कुठल्याशा गाडीचा घडघडणारा व्हिडिओ पाठवून दिला. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदमच उघडे असण्याचा काळ) वाढला की आयडल डगमगतं हे खरं, पण आरपीएम खाली घेऊन आणि इग्निशन टायमिंग मागे खेचून स्टॉक कॅमवरही तो आवाज काढता येतो.

कॅम बसवताना लोबवर (व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे) असेंब्ली ल्यूब लावलं, झिंकवालं ऑइल भरलं, ब्रेक-इनची पहिली वीस मिनिटं इंजिन 2000 आरपीएमच्या खाली येऊ दिलं नाही. तरी थोड्याच दिवसांत वरून टकटक सुरू झाली. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करावे, की पुन्हा सैल. कव्हर काढलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेक लोबचं टोक चपटं झालेलं, रॉकरच्या (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारा भाग) तोंडावर ओरखडे आणि ऑइलमध्ये चंदेरी भुकटी. विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: "ब्रेक-इन चुकलं तुमचं."

कॅम घेऊन कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गेलो. तिथल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या मित्राने वरचा काळा थर थिनरने पुसला, दोन लोबांमधल्या दांड्यावर नख फिरवलं आणि हसायलाच लागला. "मर्दा, ही पार्टिंग लाइन हाय की!" सळईतून कोरलेल्या कॅमवर लेथच्या बारीक रेघा दिसतात. साच्याच्या दोन भागांची ही शिवण ओतीव मालावर येते, सळईतून कोरलेल्यावर नाही. मग मायक्रोमीटर लावला. माझ्या स्टॉक कॅमपेक्षा याच्या बेस सर्कलचा (लोबचा खालचा गोल भाग) व्यास 1.8 मिमीने कमी. म्हणजे भंगारातला कंपनीचाच कॅम घेऊन खालचा गोल घासलेला. गोल लहान झाला की टोक आपोआप उंच ठरतं, लिफ्ट वाढते.

रीग्राइंड (जुना कॅम घासून नवा आकार दिलेला) वाईट नसतो. चांगली ग्राइंडिंगवाली माणसं तोंडावर सांगून, याच्या कितीतरी कमी पैशांत तो करून देतात. पण चिल्ड कास्ट आयर्नचा (ओतताना झटकन थंड करून वरून कडक केलेलं बीड) कडकपणा वरच्या थरातच असतो आणि या गड्याने टोकंही खरवडली होती. रॉकवेलवर (कडकपणा मोजायचं यंत्र) स्टॉक कॅमचं टोक 50 च्या वर, याचं 30 सुद्धा नाही. रॉकर घासत राहिल्यावर ते टिकणार कसं? (आपल्या सोलापुरात ओतलेले कॅम जगभरच्या कार कंपन्या घेतात, आणि आपल्याला मात्र ओतीव म्हटलं की हलकं वाटतं. या धंद्याचं पोट त्यावरच भरतं.)

पैसे परत मागितले तेव्हा धमकी आली: "गाडीत मॉडिफिकेशन केलंय ना? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 माहितीये? तक्रार करून तुम्हीच अडकाल." कलम 52 गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. ओतीव माल बिलेट म्हणून विकायची परवानगी त्यात कुठे आहे? असं विकणं ही अनुचित व्यापार प्रथा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्याने पक्कं बिल दिलं नव्हतं, यूपीआय तिसऱ्याच नावाच्या खात्यावर घेतलं होतं. पण व्हॉट्सअॅपवर 'बिलेट' हा शब्द त्याने स्वतः टाइप केलाय, तो जपून ठेवलाय.

सध्या तसलाच कॅम 280 अंश म्हणून फिरतोय. फोटो तोच, काळा थरही तोच. कोणाच्या हाती लागला तर आधी लोबांमधला दांडा थिनरने पुसा आणि स्टॉक कॅम शेजारी ठेवून बेस सर्कल मोजा.